लॅपटॉपचा आवाज आणि आतली दुखावलेली वायर: दोष कसा शोधावा, कसा दूर करावा

लॅपटॉपच्या एका बाजूचा स्पीकर बंद पडणे, आवाज मध्येच जाऊन टेबलाला धक्का लागताच परत येणे, पडदा मागे झुकवला की समोरच्याला आपले बोलणे ऐकू न जाणे, अशी तक्रार सुरू झाली की बहुतेक जण आधी ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचे सर्किट चालवणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकतात आणि तेवढ्याने भागले नाही तर विंडोजच नव्याने घालतात. यात अख्खा रविवार जातो आणि वायर जिथे तुटली आहे तिथे तुटलेलीच राहते. ड्रायव्हरचा दोष टेबलाच्या धक्क्याने बरा होत नसतो. लॅपटॉप हलवल्यावर, दाबल्यावर किंवा उघड-मीट केल्यावर आवाजात फरक पडत असेल, तर दोष आतल्या एखाद्या वायरीत किंवा तिच्या कनेक्टरमध्ये आहे असे धरून चालावे. काहीही केले तरी आवाज ठार बंदच राहत असेल, तर मात्र सॉफ्टवेअर, वायर, स्पीकर आणि मदरबोर्ड असे चारही संशयित शिल्लक राहतात आणि त्यांना एकेक करून बाजूला काढावे लागते.

कोणती वायर?

आवाजाशी संबंध असलेल्या वायरी लॅपटॉपमध्ये साधारण तीन ठिकाणी असतात. पहिली स्पीकरची. दोन स्पीकरना प्रत्येकी दोन अशा चार बारीक वायरी बहुधा मदरबोर्डवरच्या चार पिनांच्या छोट्याशा कनेक्टरमध्ये एकत्र येतात. हा कनेक्टर एका बाजूला असल्यामुळे जवळच्या स्पीकरची वायर आखूड असते आणि लांबच्या स्पीकरची वायर बॅटरीच्या किंवा टचपॅडच्या कडेने, प्लॅस्टिकच्या लहान लहान आकड्यांमधून लॅपटॉपची सगळी रुंदी ओलांडून जाते. दुखापत होते ती बहुतेक वेळा या लांबच्या वायरीला, आणि तीही बॅटरी बदलल्यानंतर किंवा एसएसडी टाकल्यानंतर. कव्हर लावण्याच्या घाईत वायर आकड्यातून सुटल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, ती स्क्रूच्या खांबाखाली सापडते आणि स्क्रू आवळताच चेपते. त्या दिवशी आवाज व्यवस्थित येतो, म्हणून दुरुस्ती नीट झाली असे वाटते. पुढे काही महिन्यांनी तांब्याचे तंतू एकेक करून तुटत जातात आणि तेव्हा बॅटरी बदलल्याची आठवणही राहिलेली नसते.

दुसरी म्हणजे पट्टीसारखी चपटी केबल, जिला दुरुस्तीच्या दुकानात स्ट्रिप किंवा रिबन म्हणतात. अनेक लॅपटॉपमध्ये हेडफोनचा जॅक मदरबोर्डवर नसून बाजूच्या एका लहान बोर्डवर असतो आणि त्याच बोर्डवर एखादे यूएसबी पोर्ट आणि मेमरी कार्डाची खाचही असते. हा बोर्ड मदरबोर्डला या पट्टीने जोडलेला असतो. हेडफोन आणि त्याच्या शेजारचे यूएसबी पोर्ट एकदमच रुसले असतील, तर जॅक बदलण्याच्या फंदात न पडता आधी या पट्टीकडे पाहावे.

तिसरी केबल बिजागरातून वर पडद्याकडे जाते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या शेजारी असतो आणि त्याच्या तारा पडद्याच्या केबलबरोबरच असतात, त्यामुळे झाकण प्रत्येक वेळी उघडताना आणि मिटताना त्या वाकतात. बिजागरातल्या केबलचे हे दुखणे केवळ स्वस्त लॅपटॉपचे नाही. ॲपलच्या २०१६ सालच्या मॅकबुक प्रोमध्ये पडद्याच्या उजेडाची पातळ केबल अशीच घासून झिजत असे. २०१८ च्या मॉडेलमध्ये ती सुमारे २ मिलिमीटर लांब केल्याचे आढळले आणि मे २०१९ मध्ये कंपनीने १३ इंची मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी

आवाज म्यूट तर नाही ना, आवाजासाठी ब्लूटूथ किंवा एचडीएमआय तर निवडलेले नाही ना, हे पाहून झाले असे गृहीत धरतो. त्यानंतर सेटिंग्जमधल्या सिस्टिम आणि साउंड या विभागात जाऊन स्पीकरवर क्लिक केले, की विंडोज ११ मध्ये डाव्या आणि उजव्या चॅनलच्या वेगळ्या पट्ट्या दिसतात. दोन्ही पट्ट्या सारख्या पातळीवर असूनही एकच बाजू वाजत असेल, तर दोष त्या बाजूच्या वायरीकडे किंवा स्पीकरकडे बोट दाखवतो. दोन्ही स्पीकरचे आवाजाचे सर्किट बहुधा एकाच चिपमध्ये असते, त्यामुळे ड्रायव्हर बिघडून फक्त डावा किंवा फक्त उजवा स्पीकर जाणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

आता हलवून पाहण्याची परीक्षा. यासाठी गाणे लावू नये, कारण गाण्यात आवाज स्वतःच चढतो, उतरतो, थांबतो आणि खंड वायरीमुळे पडला की गायकाने श्वास घेतला हे कळत नाही. तानपुऱ्याची सलग ध्वनिफीत लावावी. ती चालू असताना लॅपटॉपचा पुढचा एक कोपरा बोटभर उचलावा, मग दुसरा. मनगट टेकवतो त्या जागेवर डावीकडून उजवीकडे हलकेच बोटाने दाबत जावे. झाकण पूर्ण मागे नेऊन सावकाश पुढे आणावे. कुठल्याही क्षणी आवाज तुटला, खरखरला किंवा एका बाजूने गेला, तर ती जागा पेन्सिलने कागदावर टिपून ठेवावी. कव्हर उघडल्यावर शोध तिथूनच सुरू करायचा आहे. दाब मात्र हलकाच द्यावा, आणि टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा कव्हर मध्येच फुगलेले दिसत असेल तर अजिबात देऊ नये. ते फुगलेल्या बॅटरीचे लक्षण असते. अशी बॅटरी शेजारची वायरही चेपू शकते, पण तेव्हा आवाजाचा प्रश्न दुय्यम ठरतो आणि लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, तो थेट दुकानात नेणे हाच मार्ग उरतो.

हेडफोन लावून आवाज ठीक येत असेल आणि स्पीकर गप्प असतील, तर आधी दोन शक्यता तपासाव्यात: स्पीकरची वायर, किंवा जॅकमध्ये काहीही नसताना लॅपटॉपला तिथे हेडफोन असल्याचा झालेला भास. हेडफोन घातला आहे की नाही हे जॅकमधल्या एका लहानशा संपर्कावरून कळते आणि तो संपर्क अडकला किंवा पट्टीतली त्याची तार बिघडली, तर स्पीकर आपोआप बंद केले जातात. हेडफोनची पिन काही वेळा आत-बाहेर करून पाहावी आणि साउंडच्या यादीत रिकाम्या जॅकसमोरही हेडफोन असे नाव दिसते का ते तपासावे. उलट स्पीकर आणि हेडफोन दोन्ही बंद, पण ब्लूटूथ चालू, अशी स्थिती असेल तर स्पीकरच्या वायरीचा संशय जवळजवळ सोडून द्यावा. तिथे पट्टी केबल, ड्रायव्हर किंवा मदरबोर्डवरची आवाजाची चिप यांचा विचार करावा लागतो. ब्लूटूथचा आणि एचडीएमआयचा आवाज या तारांमधून जातच नाही, त्यामुळे तो चालू असणे हा वायरी ठीक असल्याचा पुरावा नव्हे.

विंडोजला संशयितांच्या यादीतून काढण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पेन ड्राइव्हवर उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन, ते लॅपटॉपमध्ये न टाकता, पेन ड्राइव्हवरूनच सुरू करणे. त्याच्या साउंड सेटिंग्जमधले चाचणीचे बटण दाबले की डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळे वाजवून पाहता येतात. तिथेही तोच स्पीकर गप्प राहिला, तर विंडोजला दोष देणे थांबवावे. पेन ड्राइव्हचा खटाटोप नको असेल, तर डेलच्या लॅपटॉपवर सुरू होताना एफ १२ आणि एचपीवर एफ २ दाबून येणाऱ्या कंपनीच्या तपासणीनेही बरेचसे काम भागते.

दुरुस्तीला वेळ असेल तर तोवर खरखरणाऱ्या बाजूच्या चॅनलची पट्टी शून्यावर आणावी आणि मोनो ऑडिओ चालू करावा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकाच स्पीकरमधून येतो. ही केवळ सोय नाही. लॅपटॉपच्या स्पीकरच्या दोन वायरींपैकी एकही सहसा ग्राउंड नसते, दोन्हींमधून सिग्नल जातो; त्यामुळे सोललेली वायर धातूच्या चौकटीला टेकली की शॉर्ट होतो. स्पीकरला सिग्नल पुरवणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये बहुधा संरक्षण असते आणि तो आवाज तोडतो, म्हणूनच काही लॅपटॉपवर आवाज थोडा वेळ येऊन जातो आणि पुन्हा सुरू केल्यावर परत येतो. पण त्या संरक्षणाच्या भरवशावर महिनोन्‌महिने काढू नयेत.

कव्हर काढताना

वॉरंटी शिल्लक असेल तर इथेच थांबून सेवा केंद्र गाठावे. नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा आणि कामाला मऊ कापड अंथरलेले टेबल घ्यावे. स्क्रू सगळे एकाच लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी घातला तर तो आतल्या बोर्डात किंवा कीबोर्डमध्ये घुसू शकतो, म्हणून कागदावर लॅपटॉपच्या पाठीचे रेखाटन करून स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावेत. एक-दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असू शकतात. कव्हर निघत नाही म्हणून जोर लावण्याआधी ते शोधावेत. कडेची खिट्टी सोडवायला प्लॅस्टिकचे पातळ पाते वापरावे, सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर नव्हे. आत गेल्यावर पहिले काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर काढणे आणि मग पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरणे. कशालाही हात लावण्याआधी मोबाइलवर आतल्या मांडणीचे दोन-तीन स्वच्छ फोटो काढून ठेवावेत, विशेषतः वायरी कुठल्या आकड्यातून गेल्या आहेत याचे.

मग टिपून ठेवलेल्या जागेपासून वायर बोटाने चाचपत जावे. चेपलेली वायर दूरून धड दिसते. जवळ विजेरी धरून पाहिले तर एरवी गोल आणि निस्तेज दिसणाऱ्या काळ्या आवरणावर एखादा सेंटिमीटर चपटा, चकाकणारा पट्टा दिसतो, त्याच्या मधोमध स्क्रूच्या खांबाची अर्धगोल खूण असते आणि कधी कधी आवरणाच्या चिरेतून तांब्याचा एखादा तंतू बाहेर आलेला असतो. तांबे हिरवट झाले असेल तर ओल लागली आहे असे समजावे. कोकणात पावसाळ्याचे चार महिने घालवलेल्या लॅपटॉपच्या कनेक्टरवर हा रंग दिसल्यास नवल वाटू नये.

डोळ्यांना काही दिसले नाही तर मल्टिमीटर, म्हणजे वायरीचा रोध ओहममध्ये मोजणारे साधन, घ्यावा. स्पीकरचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढताना वायरी धरून ओढू नये, त्याच्या दोन्ही खांद्यांना प्लॅस्टिकच्या पात्याने आळीपाळीने ढकलावे. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवावीत आणि जो आकडा येईल तो पुढच्या प्रत्येक मापातून वजा करावा, कारण चार ओहम मोजताना स्वतःच्या वायरींचा अर्धा ओहमही दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. कनेक्टरच्या खाचा इतक्या बारीक असतात की मल्टिमीटरची टोके आत जात नाहीत. टाचणी घालून टाचणीवर मोजावे. साधारणपणे एका बाजूच्या दोन पिना एका स्पीकरच्या आणि उरलेल्या दोन दुसऱ्याच्या असतात. स्पीकरवर ४ ओहम छापलेले असेल तर माप त्याहून किंचित कमी, म्हणजे साडेतीन-पावणेचारच्या आसपास, आणि ८ ओहमच्या स्पीकरचे सातच्या आसपास यावे. दोन्ही स्पीकरचे आकडे जवळजवळ सारखे असणे हे नेमक्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

एका स्पीकरवर माप काहीच आले नाही, तर मल्टिमीटरचे एक टोक त्याच्या वायरीच्या पिनेवर आणि दुसरे स्पीकरच्या पाठीमागे त्याच वायरीचा डाग (सोल्डरिंगचा जोड) दिलेला असतो तिथे टेकवावे. इथे जवळजवळ शून्य यायला हवे. शून्य आले तर ती वायर धड आहे. दोन्ही वायरी धड असूनही स्पीकरच्या दोन डागांमध्ये माप येत नसेल तर स्पीकरचे आतले वेटोळे तुटले आहे आणि वायर जोडून काही साधणार नाही. माप घेताना वायर हलवत राहावे, कारण अर्धवट तुटलेली वायर स्थिर असताना उत्तम माप देते. शेवटी प्रत्येक पिन आणि धातूची चौकट यांच्यात, तसेच डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या पिनांमध्ये, काहीही जोड दाखवला जाऊ नये. मल्टिमीटर नसेल तर दीड व्होल्टच्या साध्या पेन्सिल सेलची दोन टोके स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवावीत, धड स्पीकर टक असा आवाज करतो. हे अर्थातच कनेक्टर मदरबोर्डवरून काढलेला असतानाच करायचे.

जोडायचे की बदलायचे

वायर मधेच तुटली असेल तर जोडणे सोपे आहे. कनेक्टरमधल्या बारीक पत्रीच्या तोंडाशी तुटली असेल तर जोडण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे मत आहे. स्पीकर संच कनेक्टरसकट बदलावा. बहुतेक चालू मॉडेल्सचे संच काही शे रुपयांत मिळतात आणि ते घेताना लॅपटॉपच्या नावापेक्षा जुन्या स्पीकरच्या चिकटपट्टीवरचा पार्ट क्रमांक दाखवावा, कारण एकाच नावाच्या मालिकेत दोन वेगळ्या आकारांचे स्पीकर सहज आढळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारांत जुना संच हातात घेऊन गेल्यास ऑनलाइन मागवून परत पाठवण्याचा त्रास वाचतो.

जोडायचेच असेल तर स्पीकर वायरीसकट लॅपटॉपबाहेर काढावेत. बॅटरीच्या शेजारी सोल्डरिंग करू नये. चेपलेला भाग पूर्ण कापून टाकावा, दोन्ही टोके तीन-चार मिलिमीटर सोलून त्यांना आधी कथिल (सोल्डर) चढवावे, आणि टोके जुळवण्यापूर्वी श्रिंक स्लीव्हचा, म्हणजे गरम केल्यावर आकसणाऱ्या नळीचा, तुकडा वायरीवर सरकवून ठेवावा. दोन्ही वायरी जोडायच्या असतील तर जोड एकमेकांसमोर न आणता सेंटिमीटरभर पुढे-मागे ठेवावेत, म्हणजे जाडीही वाढत नाही आणि शॉर्टची भीतीही राहत नाही. कापून वायर आखूड झाली तर ती ताणून बसवू नये, तेवढ्याच जाडीचा तुकडा मध्ये घालावा. स्पीकरच्या पाठीवर डाग द्यायचा असेल तर एक-दोन सेकंदांत उरकावे, कारण भोवतीची चौकट प्लॅस्टिकची असते. शिवाय स्पीकरचे लोहचुंबक सोल्डरिंग आयर्नचे टोक स्वतःकडे ओढते आणि हात अचानक सरकतो, तेव्हा स्पीकर चिकटपट्टीने टेबलाला पक्का करून मगच टोक जवळ न्यावे.

पट्टी केबलचे काम वेगळे असते. तिला सोल्डरिंग नाही, चिकटपट्टीचा जुगाडही नाही. आधी दोन्ही टोके सॉकेटमधून काढून, त्यांवरचे धातूचे उघडे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळल्यावर पुन्हा बसवून पाहावीत. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात असे म्हणणे धाडसाचे होईल, पण पैसे खर्चण्याआधी हे करून पाहायलाच हवे. सॉकेटची खिट्टी कुठल्या जातीची आहे ते आधी नीट पाहावे: काही खिट्ट्या नखाने वर उलटतात, काही दोन्ही बाजूंनी अर्धा मिलिमीटर बाहेर सरकतात, आणि चुकीच्या दिशेने जोर लावला तर खिट्टी तुटून साध्या केबलचे काम मदरबोर्डच्या दुरुस्तीवर जाते.

पट्टीवर कडक घडी पडलेली किंवा टोकाच्या निळ्या पट्टीजवळ ती चिरलेली दिसली तर नवी घ्यावी. पांढऱ्या साध्या पट्टीवर एडब्ल्यूएम २०६२४, ८० सी, ६० व्ही असे काही छापलेले असते. तो केवळ वायरीचा प्रकार, तापमान आणि व्होल्टेज आहे, त्यावरून नेमकी केबल मिळत नाही. दुकानदाराला चार गोष्टी सांगाव्या लागतात: पट्ट्यांची संख्या, दोन पट्ट्यांमधले अंतर, एकूण लांबी, आणि दोन्ही टोकांचे उघडे पट्टे एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना. अंतर सहसा अर्धा किंवा एक मिलिमीटर असते. ते मोजायला अवघड, पण अर्ध्या मिलिमीटरच्या केबलची रुंदी पट्ट्यांच्या संख्येत एक मिळवून त्याचे निम्मे केल्यावर येते, म्हणजे वीस पट्ट्यांची केबल साडेदहा मिलिमीटर रुंद. हे गणित जुळले की अंतर बरोबर धरले आहे. चौथ्या गोष्टीबद्दल विशेष काळजी घ्यावी, कारण उलट बाजूचे पट्टे असलेली केबल सॉकेटमध्ये व्यवस्थित बसते आणि तरीही काहीच जोडत नाही.

बिजागरातल्या केबलबद्दल थोडक्यात सांगतो. ध्वनिमुद्रण चालू ठेवून बोलत असताना झाकण सावकाश हलवावे. ठरावीक कोनात आवाजाची रेघ सपाट होत असेल आणि त्याच वेळी कॅमेराही गायब होत असेल, तर निदान झालेच. मात्र ही केबल घरी बदलू नये असे मी सुचवेन. त्यासाठी पडद्याची चौकट आणि बहुधा पडदाही काढावा लागतो, आणि याच केबलमधून पडद्याच्या उजेडाचा वीजपुरवठा जात असल्यामुळे अर्धवट जोडलेली तार मायक्रोफोनपेक्षा बरेच मोठे नुकसान करू शकते. दुकानातून बदलून मिळेपर्यंत यूएसबी मायक्रोफोन किंवा हेडसेट वापरावा. बिजागर सैल किंवा तडकलेले असेल तर ते केबलबरोबरच बदलायला सांगावे, नाही तर नवी केबलही त्याच जागी घासत राहील.

कव्हर पुन्हा लावताना

वायर सगळ्या आकड्यांमध्ये परत बसवावी, जिथे आकडा मोडला आहे तिथे पिवळट उष्णतारोधक चिकटपट्टीचा तुकडा लावावा, बॅटरी जोडावी आणि कव्हर न लावताच लॅपटॉप हळूच सरळ करून सुरू करावा. बॅटरी काढल्यानंतर काही लॅपटॉप चार्जर लावल्याशिवाय सुरू होत नाहीत, त्याने घाबरून जाऊ नये. डावा, उजवा आणि मग दोन्ही स्पीकर वाजवून पाहावेत. बातम्या वाचणाऱ्या निवेदकाचा आवाज लावला असता तो पडद्याच्या मधोमधून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो पोकळ, दोन्ही कानांकडे विखुरलेला आणि खर्ज हरवलेला वाटत असेल, तर जोडताना एका स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे. त्या उलट करून घ्याव्यात.

सगळे ठीक वाटले की लॅपटॉप बंद करून, बॅटरी पुन्हा सोडवण्याची गरज न ठेवता, कव्हर बसवावे आणि स्क्रू कोपऱ्यांपासून सुरू करून थोडे थोडे आवळावेत. त्यानंतर तानपुरा पुन्हा लावून हलवण्याची परीक्षा पहिल्यासारखीच करावी, कारण वायर चेपते ती याच क्षणी. कव्हर उघडे असताना नीट आलेला आवाज स्क्रू आवळल्यावर गेला, तर लॅपटॉप बंद करून दोषी बाजूच्या पुढच्या कडेचे स्क्रू एकेक करून सैल करावेत आणि दर वेळी सुरू करून ऐकावे. ज्या स्क्रूला सैल करताच आवाज परत येतो, त्याच्याच खांबाखाली वायर सापडलेली असते. कव्हर काढून तिथे ती अर्धा सेंटिमीटर बाजूला घ्यावी आणि आवरणावर नवी खूण उमटली आहे का ते पाहूनच पुन्हा बंद करावे.